शहागंजचे दिवे: वीजखात्यापासून महावितरणपर्यंत

छत्रपती संभाजीनगरचा इतिहास सांगायला बसले की बोट आपोआप दगडाकडे जाते. भडकल दरवाजा, पाणचक्की, बीबी का मकबरा, मलिक अंबरची नहर. शहागंजपुरते बोलायचे तर १७२० च्या सुमाराची मशीद आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा क्लॉक टॉवर. अलीकडे या टॉवरची डागडुजी झाली, त्याला पुन्हा रूप आले आणि शहराने त्याचे कौतुकही केले. ते योग्यच झाले. मात्र त्याच चौकातल्या लोखंडी खांबांचे, भिंतीत रुतलेल्या ब्रॅकेटांचे आणि चिनीमातीच्या इन्सुलेटरांचे मोल कोणी करत नाही. बाजार सूर्यास्तानंतरही चालू ठेवला तो याच सामानाने. रमजानच्या रात्री कापडाची दुकाने उशिरापर्यंत उघडी राहतात, राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून विसर्जन मिरवणूक निघते, पहाटे भाजीचे हातगाडे लागतात. यातले काहीही विजेवाचून होत नाही.

ही वीज पुरवणाऱ्या संस्थांची नावे बदलत गेली. प्रत्येक संस्था जाताना आपल्या खुणा रस्त्यावर ठेवून गेली. त्या खुणांच्या आधाराने ही वाटचाल मांडायची आहे.

कंपन्यांचा काळ आणि निजामाचे राज्य

महाराष्ट्रातल्या विजेची पहिली पाने मुंबईत लिहिली गेली. १८८२ साली ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीने क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लावले. पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली आणि मार्केट पुन्हा गॅसच्या दिव्यांवर आले. विजेचा धंदा रुजला तो १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाल्यावर. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून घाट उतरून मुंबईला वीज येऊ लागली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबई महापालिकेने ही कंपनी विकत घेतली आणि तीच आजची ‘बेस्ट’. पुण्यात पूना इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी, नागपुरात नागपूर इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी, जळगावात अमाल्गमेटेड इलेक्ट्रिसिटी कंपनी, अशी मोठ्या गावांत एकेक परवानाधारक कंपनी उभी राहिली.

या कंपन्या १९१० च्या भारतीय वीज कायद्याखाली काम करत. शहराच्या रस्त्यांवर त्यांच्या खुणा कुठे आणि का सापडतात, याचे उत्तर या कायद्यात आहे. परवाना देतानाच त्यात ठराविक रस्त्यांची नावे लिहिलेली असत आणि परवाना सुरू झाल्यापासून तीन वर्षांत त्या रस्त्यांवर वीजवाहिनी टाकणे कंपनीला बंधनकारक असे. बाकीच्या रस्त्यांवर वीज हवी असेल तर तिथल्या सहा किंवा अधिक मालकांनी अथवा रहिवाशांनी मिळून मागणी करायची. त्यामुळे व्यापारी पेठा, सरकारी कचेऱ्या आणि श्रीमंतांचे बंगले आधी उजळले. ज्या गल्लीत सहा घरे एकत्र येऊन खर्चाची हमी देऊ शकत नव्हती, त्या गल्लीला वाट पाहावी लागली. विजेचा पहिला नकाशा म्हणजे शहरातल्या ऐपतीचा नकाशा होता.

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, मात्र ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हते. हे शहर निजामाच्या हैदराबाद राज्यातले, सुभ्याचे ठिकाण. त्या राज्यात वीज हे सरकारी खाते होते. राजधानीत १९१० मध्ये वीजखाते स्थापन झाले आणि १९२० मध्ये हुसेनसागरच्या काठी औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले. मुंबई-पुण्यात विजेचा ग्राहक कंपनीशी करार करत होता. निजामाच्या राज्यात विजेचा अर्ज सरकारच्या एका खात्याकडे जात होता. इथे भागधारक नव्हते, लंडनला किंवा मुंबईला पाठवायचा लाभांश नव्हता. त्याचबरोबर परवान्यात रस्त्यांची यादी लिहून घेण्याचा, सहा घरांनी मागणी करण्याचा तो कायदाही इथे लागू नव्हता. वीज कुठे, कधी आणि कोणाला, याचा निर्णय राज्यकर्त्यांच्या इच्छेवर होता.

आजच्या वाचकाने हा फरक लक्षात घ्यायला हवा. बेस्टच्या नावाची अक्षरे मुंबईच्या रस्त्यांवर लोखंडात ओतलेली सापडतात, कारण कंपनीला आपल्या मालमत्तेवर आपले नाव हवे असते. सरकारी खात्याला तशी गरज वाटत नाही. म्हणून शहागंजसारख्या पेठेत जुन्या विजेच्या खुणा शोधताना नावाची पाटी मिळेल ही अपेक्षा बाजूला ठेवून खांबाचा आकार, जागा आणि बनावट पाहावी लागते.

जुने पॉवर हाऊस

एक खूण मात्र नावासकट टिकली आहे. मिल कॉर्नरला, डॉ. आंबेडकर मार्गावर, महावितरणची, म्हणजे आजच्या वीजवितरण कंपनीची, कार्यालये ज्या आवारात आहेत त्याचा पत्ताच ‘जुने पॉवर हाऊस’ असा लिहिला जातो. रिक्षावाल्याला ‘पॉवर हाऊस’ म्हटले तरी पुरते. मिल कॉर्नर हे नाव पडले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे उभ्या राहिलेल्या कापड गिरणीमुळे. मिल आणि पॉवर हाऊस, जुन्या शहराच्या दोन यंत्रघरांची नावे एकाच कोपऱ्याला चिकटलेली आहेत.

वीजघर शहराच्या इतक्या पोटात का, असा प्रश्न आज पडतो. परळीचे किंवा कोराडीचे वीजकेंद्र पाहिलेल्या माणसाला वीज गावाबाहेर, दूर कुठेतरी तयार होते अशीच सवय आहे. पण विजेच्या सुरुवातीच्या काळात ती कमी दाबाने वाहत असे. कमी दाबाची वीज लांब न्यायची म्हटले की तारेतच तिचा बराच भाग उष्णतेच्या रूपात वाया जातो आणि शेवटच्या घरातला दिवा मिणमिणतो. म्हणून वीजघर ग्राहकांच्या जवळच बांधावे लागे. ट्रान्सफॉर्मरच्या साहाय्याने विजेचा दाब वाढवून ती शेकडो किलोमीटर नेता येऊ लागली, तेव्हा वीजकेंद्रे कोळशाकडे आणि धरणांकडे गेली आणि शहरातली छोटी वीजघरे थंडावली. मिल कॉर्नरची जागा जुनी पेठ आणि छावणी यांच्या मधली आहे. जवळच शहराच्या जुन्या वस्तीचे तोंड, भडकल दरवाजा. छोट्या शहराला वीज पुरवायला याहून सोयीची जागा शोधूनही मिळाली नसती.

या शहराला वितरणाचे शास्त्र नवे नव्हते. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात मलिक अंबरने डोंगरपायथ्याचे पाणी जमिनीखालच्या नहरीतून पेठांमध्ये आणले. पुढे पाणचक्कीच्या नहरीच्या पाण्यावर जाते फिरले, दळण झाले. उगम एकीकडे, ग्राहक दुसरीकडे आणि मध्ये दाब सांभाळत जाणारी वाहिनी, ही व्यवस्था इथल्या लोकांनी तीन शतके वापरली होती. पाण्याच्या दाबावर यंत्र फिरवणारे शहर विजेच्या दाबाला सामोरे गेले, तेव्हा त्याच्या हाताशी एक जुनी समज होती. म्हणून नहरीच्या वारशाबरोबर विजेच्या वारशाचाही विचार करणे या शहराला शोभते.

हैदराबादहून मुंबईकडे

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. त्याच वर्षी देशात वीजपुरवठा कायदा आला. या कायद्याने राज्याराज्यांत वीज मंडळे स्थापन करण्याची तरतूद केली आणि खासगी कंपन्यांच्या नफ्याला सहाव्या परिशिष्टाने कुंपण घातले. वाजवी परताव्यापेक्षा जास्त मिळालेल्या रकमेचा काही भाग ग्राहकांना परत द्यायचा, असा त्याचा गाभा होता. पूना इलेक्ट्रिक सप्लाय कंपनीचा या परताव्याबद्दलचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६५ मध्ये त्याचा निकाल लागला. वीज हा साबण किंवा कापडासारखा व्यापार नाही, त्यात लोकांचा हक्क गुंतलेला आहे, हे तत्त्व या काळात कायद्यात रुजले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. जिल्ह्याच्या कचेरीत उर्दूच्या जागी मराठी आली, तसेच विजेच्या कागदपत्रांवरचे हैदराबाद जाऊन मुंबई आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाली. लोकांनी त्याला लगेच घरचे नाव दिले: बोर्ड. किंवा इंग्रजी आद्याक्षरांवरून एमएसईबी.

बोर्डाची पंचेचाळीस वर्षे

शहागंजच्या विजेला खरा विस्तार मिळाला तो या पंचेचाळीस वर्षांत. आधी मराठवाड्याजवळ स्वतःची म्हणावी अशी मोठी वीजनिर्मिती नव्हती. १९६८ मध्ये पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाच्या पायथ्याशी २२.५ मेगावॉटचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. १९७१ मध्ये परळीचा पहिला ३० मेगावॉटचा संच चालू झाला. पुढे १९८० च्या दशकात २१० मेगावॉटचे संच आले आणि परळीचे उंच धुराडे मराठवाड्याच्या विजेची ओळख बनले. जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी पैठणलाही १२ मेगावॉटचे केंद्र उभे राहिले. गोदावरीचे पाणी, परळीची वीज आणि राज्याच्या ग्रिडला जोडलेल्या उच्चदाबाच्या वाहिन्या यांच्या जोरावर चिकलठाण्याची आणि वाळूजची औद्योगिक वसाहत उभी राहिली, सिडको वसले आणि तटबंदीच्या आतले शहर चौफेर पसरले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ११ लाख ७५ हजारांवर गेली होती.

या वाढीचा भार जुन्या पेठेतल्या अरुंद रस्त्यांनी पेलला. शहागंज, सिटी चौक, सराफा, चेलीपुरा, राजाबाजार या भागांत वाडे आणि हवेल्या पाडून इमारती झाल्या. एका मीटरच्या जागी दहा मीटर आले. रस्ता तेवढाच राहिला आणि खांबांवरचे ओझे वाढत गेले. खांब पुरेनात तिथे घराच्या भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून तारा पुढे नेल्या गेल्या. जुन्या शहरांतल्या गल्ल्यांमध्ये हे ब्रॅकेट अजून दिसतात. अनेकांवरून तारा काढल्या गेल्या आहेत आणि रिकामा कोन भिंतीत तसाच आहे.

घरांच्या आतही या काळाच्या खुणा राहिल्या. लाकडी पट्टीवर ठोकलेली वायरिंग, बेकेलाइटची काळी गोल बटणे, चिनीमातीचे कटआउट आणि त्यातली वारंवार जळणारी फ्यूजची तार. ती तार बसवणे हे घरातल्या थोरल्या मुलाचे काम असे. बोर्डाचा वायरमन आला की त्याला आधी पाणी, मग चहा. खांबावर दोर लावून चढणारा हा माणूस गल्लीला नावाने माहीत असे. आज महावितरण त्याला ‘जनमित्र’ म्हणते. गल्लीत त्याचे नाव लाइनमनच राहिले.

भारनियमन, विभाजन आणि फ्रँचायझी

२००३ च्या वीज कायद्यानंतर बोर्डाचे विभाजन झाले. ६ जून २००५ पासून निर्मितीसाठी महानिर्मिती, उच्चदाब वहनासाठी महापारेषण आणि ग्राहकापर्यंत वीज पोहोचवण्यासाठी महावितरण, अशा तीन कंपन्या कामाला लागल्या. कागदोपत्री बोर्ड संपले. लोकांच्या तोंडी मात्र ‘एमएसईबीवाले आले’, ‘बोर्डात जाऊन येतो’ हे शब्द तसेच राहिले.

त्याच काळात भारनियमन हा शब्द घराघरात पोहोचला. मागणी आणि पुरवठा यांचा मेळ बसेना, तेव्हा प्रत्येक वीजवाहिनीची, म्हणजे फीडरची, गळती आणि वसुली मोजून शहराचे गट पाडले गेले. जिथे वीजचोरी आणि थकबाकी जास्त, तिथे अंधाराचे तास जास्त. ही पद्धत हिशेबाच्या दृष्टीने समजण्यासारखी होती, पण तिचा फटका प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्या माणसालाही बसला. आपल्या गल्लीतला आकडा टाकणारा आणि आपण, दोघेही एकाच अंधारात बसतो, ही जाणीव त्या वर्षांनी दिली. वीज ही सामाईक गोष्ट आहे, हे भारनियमनाने पुस्तकापेक्षा अधिक ठळकपणे शिकवले.

मग एक वेगळा प्रयोग झाला. भिवंडीत २००७ पासून वितरण खासगी कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून सोपवले होते. त्याच वाटेने १ मे २०११ पासून औरंगाबाद शहराचे वीजवितरण जीटीएल कंपनीकडे गेले. खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर महावितरणचे आणि बिल, वसुली, दुरुस्ती कंपनीची. कित्येक दशकांच्या सरकारी पुरवठ्यानंतर शहराच्या बिलावर एका खासगी कंपनीचे नाव छापले गेले. थकीत रकमेच्या वादातून महावितरणने हा करार संपवला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये वितरण पुन्हा आपल्या हाती घेतले. साडेतीन वर्षांचा हा अध्याय लहान होता, पण या शहराच्या दृष्टीने मोलाचा. मुंबईने आणि पुण्याने जो कंपनीचा काळ विसाव्या शतकात पाहिला, तो संभाजीनगरने एकविसाव्या शतकात थोडक्यात अनुभवला. आणि दोन्हीकडे शेवट सारखाच झाला: पुरवठा सार्वजनिक संस्थेकडे आला.

खांब वाचायचा कसा

ज्याला ही वाटचाल डोळ्यांनी पाहायची आहे, त्याने शहागंजपासून सिटी चौकापर्यंत मान वर करून चालावे.

आधी खांबाची जात पाहावी. गोल नळीचे, वर निमुळते होत जाणारे लोखंडी खांब, जुन्या रेल्वे रुळांचे खांब आणि सिमेंटचे चौकोनी खांब, हे वेगवेगळ्या काळांतल्या खरेदीचे आणि उपलब्ध मालाचे साक्षीदार आहेत. मग तारांचा क्रम पाहावा. उघड्या तारांच्या कमी दाबाच्या जुन्या वाहिनीत पाच तारा असतात: तीन फेज, एक न्यूट्रल आणि एक रस्त्याच्या दिव्यांसाठी वेगळी. रस्त्याच्या दिव्याची ती स्वतंत्र तार म्हणजे सार्वजनिक जबाबदारीची तार. ती वीज महावितरणची, दिवा महापालिकेचा आणि उजेड येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा. त्या वाहिनीच्या जागी आता काळ्या आवरणाची पिळलेली केबल आली आहे, कारण तिच्यावर आकडा टाकता येत नाही आणि मिरवणुकीत तिचा धोकाही कमी.

पुढे डीपीकडे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या जागेकडे, वळावे. दोन खांबांच्या मध्ये उभा ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टची वीज घरात चालेल एवढ्या दाबावर उतरवतो. जुन्या पेठेतली डीपी बहुधा चौकात किंवा मोकळ्या कोपऱ्यात असते, कारण अरुंद गल्लीत तिला जागा मिळत नाही. म्हणून डीपीच्या जागा जोडत गेले की पेठेतल्या उरल्यासुरल्या मोकळ्या जागांचा नकाशा हाती येतो. शेवटी दिवा. साधा बल्ब, ट्यूब, पाऱ्याच्या वाफेचा पांढरा दिवा, सोडियमचा पिवळा आणि आताचा एलईडी. प्रत्येक दिव्याचा हात, म्हणजे खांबाला लावलेला ब्रॅकेट, वेगळ्या लांबीचा आणि वाकणीचा. दिवा बदलताना अनेकदा जुना हात तसाच ठेवला जातो, त्यामुळे एका खांबावर दोन पिढ्या शेजारी-शेजारी दिसू शकतात.

पुढची जबाबदारी

येत्या काही वर्षांत हे सारे झपाट्याने नाहीसे होणार आहे. भूमिगत केबल आल्या की खांब निघतील. स्मार्ट मीटर आले की जुने काळे मीटर आणि त्यांच्या लाकडी फळ्या भंगारात जातील. हे बदल व्हायलाच हवेत. मिरवणुकीच्या रस्त्यावर लोंबणारी तार वारसा नव्हे, धोका आहे. पण बदल करताना नोंद ठेवायला फार खर्च येत नाही.

महापालिकेच्या वारसास्थळांच्या यादीत दरवाजे आणि मशिदी आहेत. मिल कॉर्नरच्या जुन्या पॉवर हाऊसच्या आवाराचाही अभ्यास त्या यादीसाठी व्हावा. खांब काढण्याआधी त्याचे छायाचित्र, जागा आणि बनावट महावितरणच्या उपविभागाने टिपून ठेवावी. प्रत्येक जातीचा एकेक खांब, एक फीडर पिलर, एक जुना मीटर, चिनीमातीचा एक इन्सुलेटर, हे सामान पॉवर हाऊसच्या आवारातल्या एका खोलीत मावेल. बेस्टने मुंबईत आणिक आगारात आपले संग्रहालय उभारले आहे. त्या धर्तीवर मराठवाड्याच्या विजेचे छोटे संग्रहालय इथे व्हायला हरकत नाही. निवृत्त लाइनमन आणि वायरमन यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम तर आजच सुरू करायला हवे, कारण कागद थांबू शकतो, माणूस थांबत नाही. शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे आणि विद्यापीठाच्या इतिहास विभागाचे विद्यार्थी एकत्र आले तर एका वर्षात जुन्या पेठेचे सर्वेक्षण पूर्ण होईल.

हे काम हौसेपोटी करायचे नाही. विजेच्या संस्थांचा इतिहास म्हणजे शहराने आपल्या नागरिकांना काय, केव्हा आणि कोणत्या क्रमाने दिले याचा हिशेब आहे. कोणत्या गल्लीत खांब आधी आला, कोणत्या वस्तीत तो पोहोचायला दशके लागली, भारनियमनात कोणाचे तास जास्त होते, हे कळले तर पुढची भूमिगत केबल आणि पुढचे उपकेंद्र कुठून सुरू करायचे हे ठरवणे अधिक न्याय्य होईल. निजामाचे खाते गेले, बोर्ड गेले, फ्रँचायझी आली आणि गेली, महावितरणचे रूपही उद्या बदलेल. या सगळ्यांकडून सेवा घेणारे शहागंज मात्र इथेच राहणार आहे. म्हणून या वाटचालीची नोंद कंपनीने नाही, शहराने ठेवायची आहे.